ग्रोथ हार्मोनचा फवारा आणि नातवाची उंची

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कास्तकार काकाजींनी विचारलंय: "माझं वय ६२. दोन वर्षांपासून पोतं उचललं की दम लागते, मांड्या बारीक झाल्या, पोट मात्र सुटलं. पुण्याच्या पोरानं जिभेखाली मारायचा ग्रोथ हार्मोनचा फवारा पाठवला. म्हणते, बाबा, यानं म्हातारपण लांबते. घेऊ का? घरी ९ वर्षांचा नातू आहे, वर्गात सगळ्यात ठेंगणा. त्यालेही हाच फवारा चालन का?"

काकाजी, फवारा तुम्ही घेऊ नका आणि नातवाला तर मुळीच देऊ नका. पण नातवाबद्दल तुम्ही शेवटी जे एक वाक्य लिहिलंत, ते मला तुमच्या मांड्यांपेक्षा जास्त काळजीचं वाटलं. तिकडे येतोच. आधी हे हार्मोन काय आहे ते समजून घ्या, म्हणजे मी दोन्ही वेळा नाही का म्हणतोय ते कळेल.

नाकाच्या मुळाच्या मागे, कवटीच्या तळाला एका छोट्या खोबणीत वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. ग्रोथ हार्मोन तिथे तयार होतं. हे एक प्रथिन आहे, १९१ अमिनो आम्लांची माळ. माळ अखंड राहिली आणि नीट दुमडलेली असली तरच ती काम करते. आता तुम्हीच बघा, तुरीच्या डाळीतलं प्रथिन पोटात गेलं की त्याचे तुकडे होतात, म्हणून तर ते अंगी लागतं. हे हार्मोन गिळलं तर त्याचंही तेच होणार. जिभेखालच्या कातडीतून ते आत जाईल म्हणावं, तर तेवढा मोठा रेणू तिथून आत शिरत नाही. म्हणूनच खऱ्या रुग्णाला ते सुईनंच द्यावं लागतं. तुमच्या फवाऱ्यात खरं हार्मोन असलं तरी ते वाया जाईल, आणि नसलं तर तुमच्या पोराचे पैसे गेले. पोराला रागावू नका, त्याला तुमची काळजी आहे.

हे हार्मोन दिवसभर सारखं पाझरत नाही. थ्री फेज लाइन आली की मोटर धडधडते, पाटाला पाणी धावतं आणि लाइन गेली की पाट कोरडा पडतो, तसं ते झटक्याझटक्यानं सुटतं. मेंदूतला हायपोथॅलॅमस एका संदेशानं ग्रंथीला 'सोड' म्हणतो आणि सोमॅटोस्टॅटिन नावाच्या दुसऱ्या संदेशानं 'थांब' म्हणतो. भूक लागली की पोटातून घ्रेलिन निघतं, तेही 'सोड' म्हणणाऱ्यांतलंच. सगळ्यात मोठा झटका रात्री पहिली गाढ झोप लागल्यावर येतो. त्यामुळे तपासणीच्या पॅकेजमध्ये दुपारी एकदाच रक्त काढून 'ग्रोथ हार्मोन कमी' असा रिपोर्ट आला, तर त्याला काहीच अर्थ नसतो. दुपारी पाट कोरडा दिसला म्हणून विहीर आटली असं आपण म्हणत नाही. असे रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसं माझ्याकडे येतात. त्यांना समजावण्यात माझा अर्धा तास जातो आणि त्यांचे हजार-दोन हजार आधीच गेलेले असतात.

हाडं लांब करण्याचं बरंचसं काम हे हार्मोन स्वतः करत नाही, ते लिव्हरकडून करून घेतं. लिव्हर त्याचा निरोप घेऊन आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन बनवतं आणि ते रक्तातून हाडांच्या टोकाशी असलेल्या कोवळ्या कूर्चेपर्यंत पोचतं. इथे आपल्या भागासाठी फार महत्त्वाची गोष्ट आहे. मेळघाटासारख्या भागातल्या कुपोषित लेकराच्या रक्तात ग्रोथ हार्मोन कमी नसतं, उलट जास्त सापडतं. ग्रंथी निरोपांवर निरोप धाडत असते, पण पोटात पुरेसं अन्न आणि प्रथिन नसल्यामुळे लिव्हर त्या निरोपाला उत्तर देत नाही. आयजीएफ-१ खालीच राहतं आणि लेकरू वाढत नाही. अशा पोराला हार्मोनची सुई देऊन उपयोग नाही. त्याला डाळ, अंडं, दूध, तेल मिळायला हवं, वारंवारचे जुलाब थांबायला हवेत. शरीर हे मुद्दाम करतं असं मला वाटतं. घरात दाणे कमी असताना उंची वाढवण्यावर खर्च करायचा नाही, आहे त्यात जीव धरून ठेवायचा.

मोठ्या माणसाची उंची थांबली तरी हार्मोन थांबत नाही. रात्रभर पोट रिकामं असतं तेव्हा ते चरबी मोडून इंधन पुरवतं आणि स्नायूंना हात लागू देत नाही. हाडांची डागडुजी चालू ठेवतं. आणि इन्सुलिनच्या विरोधात जोर लावून साखर वर ठेवतं. शुगरचे पेशंट मला म्हणतात, "डॉक्टर, रात्री अर्धीच भाकर खाल्ली, तरी सकाळी साखर वाढलेली कशी?" पहाटेच्या त्या वाढीत रात्री सुटलेल्या या हार्मोनचा वाटा असतो. म्हणून शुगर असलेल्या माणसानं हे बाहेरून घेणं आणखी धोक्याचं. तुमची साखर कधी तपासली ते तुम्ही लिहिलं नाही. पोट सुटलंय म्हणता, तर ती तपासणी आधी करा.

झोपेचं बोललो तर जागलीचं बोलावंच लागेल. हरभरा-गहू असला की रात्रीची लाइन, अन् पीक उभं असलं की रानडुकरं आणि रोही. आपल्याकडचा कास्तकार महिनोन्महिने सलग झोपत नाही. मचाणावर बॅटरी घेऊन दर तासाला उठणाऱ्याला गाढ झोप मिळत नाही, आणि हार्मोनचा तो रात्रीचा मोठा झटका गाढ झोपेलाच बांधलेला आहे. दिवसा झोपलं की शरीर त्यातलं काही भरून काढतं हे खरं. पण जागलीनं साखर, रक्तदाब, भूक हे सगळंच बिघडतं, आणि रात्री थंडीसाठी म्हणून घेतलेली दारू तो झटका आणखी दाबते. तुम्ही जागलीला जात असाल तर घरातल्या तरण्या माणसाशी पाळी लावून घ्या. सलग चार रात्री तुम्ही आणि सलग चार रात्री तो, असं नको. एक रात्र आड करा, आणि जागलेल्या दिवशी दुपारी अंधाऱ्या खोलीत दोन तास तरी पडा.

आता म्हातारपणाचं. पंचविशी-तिशीनंतर दर दहा वर्षांत हे हार्मोन साधारण १४-१५ टक्क्यांनी उतरत जातं. झटके येतात, पण लहान होतात. साठीत तरुणपणाच्या निम्म्याच्या आसपास उरतं. पोटावरची चरबी वाढली की आणखी कमी होतं. नेमकं याच वयात मांड्या बारीक होतात, पोट सुटतं, कातडी सैल पडते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसल्या की माणसाला वाटतं, हार्मोन परत भरलं की तारुण्य परत येईल.

ही समजूत पसरायला एक खरा अभ्यास कारण झाला. १९९० साली अमेरिकेत डॅनियल रुडमन या डॉक्टरनं ६० च्या पुढच्या १२ पुरुषांना सहा महिने आठवड्याला तीनदा या हार्मोनची इंजेक्शनं दिली. त्यांचं चरबी सोडून उरलेलं वजन साधारण ९ टक्क्यांनी वाढलं, चरबी १४ टक्क्यांनी घटली. बारा माणसं, सहा महिने. एवढ्या आधारावर जगभर दुकानं उघडली, आणि त्या दुकानांच्या जाहिरातींत या अभ्यासाचं नाव इतकं वापरलं गेलं की ज्या मासिकात तो छापून आला होता त्याच्या संपादकांना २००३ साली त्याविरुद्ध लिहावं लागलं.

त्यानंतरच्या अभ्यासांत काय दिसलं ते जाहिरातवाले सांगत नाहीत. १९९६ साली ६९ च्या पुढच्या ५२ निरोगी पुरुषांवर प्रयोग झाला. वजनातला तो फरक याही वेळी दिसला, पण त्यांची ताकद वाढली नाही, चालण्या-फिरण्यात फरक पडला नाही. वाढलेल्या वजनात पाण्याचाही वाटा असतो. हार्मोन अंगात पाणी धरून ठेवतं. पायांवर सूज, सांधेदुखी, बोटांना मुंग्या, वाढलेली साखर, हे मात्र अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं. काकाजी, ज्याला पोतं उचलायचंय त्याला आरशात मांडी जाड दिसून काय करायचं?

हे हार्मोन जास्त झालं की काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. कापूस वेचायला जाणाऱ्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या, पंचेचाळिशीच्या. तक्रार शुगरची आणि डोकेदुखीची. नाडी बघायला हात हातात घेतला तर तळवा गादीसारखा मऊ आणि जाड, बोटं फुगीर. पायातली जोडवी रुतून बसलेली. मी विचारलं, बांगड्या कोणत्या मापाच्या? त्या म्हणाल्या, "लग्नात सव्वादोनच्या होत्या, आता कासारीण म्हणते माय, तुह्या हाताची बांगडी माह्या गाड्यावर नाही." नवऱ्याच्या चपला घालून आल्या होत्या. खालचा जबडा पुढे आलेला, दातांत फटी पडलेल्या. पिट्युटरीवर गाठ होती आणि ती वर्षानुवर्षं ग्रोथ हार्मोन ओतत होती. नागपूरला नाकातून शस्त्रक्रिया झाली, साखर उतरली. या आजारात माणूस तरुण होत नाही. हृदय मोठं होतं, रक्तदाब चढतो, आणि उपचार झाला नाही तर आयुष्य कमी होतं.

याच्या उलट टोकालाही माणसं आहेत. दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर देशात डोंगराळ गावांत काही कुटुंबं आहेत. त्यांच्या शरीराला जन्मापासून ग्रोथ हार्मोनचा निरोप ऐकूच येत नाही. उंची चार फुटांच्या आसपास. तिथल्या डॉक्टरांनी त्यांना वीसेक वर्षं पाहिलं आणि २०११ साली लिहिलं की या माणसांत मधुमेह आणि कॅन्सर जवळजवळ दिसतच नाही, त्यांच्याच उंच नातेवाइकांत मात्र दोन्ही आहेत. ज्यांच्यात हे हार्मोन बनत नाही असे प्रयोगशाळेतले उंदीर तर इतर उंदरांपेक्षा जास्त जगतात. यावरून हार्मोन वाईट ठरत नाही. ते लोकही काही शंभरी गाठत नाहीत, अपघात आणि इतर आजार त्यांनाही आहेतच. पण वयाबरोबर हार्मोन उतरतं त्यात शरीराची काही समजदारी असावी, असं मला याच्यामुळे वाटतं. म्हाताऱ्या पेशींना सारखं 'वाढा, वाढा' सांगणं धोक्याचं असतं.

मग तुमच्या मांड्यांचं काय? त्या मुख्यतः दोन कारणांनी बारीक होतात. काम बदललं आणि ताट तेच राहिलं. आधी डवरा धरून दिवसभर चालत होता, आता तासाभरात ट्रॅक्टर वावर उरकून जातो. ताटात भाकर, पातळ वरण, अंबाडीची भाजी. या वयात वजनाच्या किलोमागे रोज साधारण एक ग्रॅम, जमलं तर थोडं वर प्रथिन लागतं. तुमचं वजन ६० किलो धरलं तर ६० ते ७० ग्रॅम. एका अंड्यात ६ ग्रॅम, ग्लासभर दुधात ६-७, मूठभर शेंगदाण्यात ७ च्या आसपास. आणि तुम्ही पिकवता त्या सोयाबीनमध्ये शंभर ग्रॅमला ३६ ते ४० ग्रॅम. सगळं पोत्यात भरून बाजार समितीत जातं आणि घरात चिमूटभर राहत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. दहा किलो दळणात नऊ किलो गहू आणि एक किलो सोयाबीन टाका. पण सोयाबीन आधी उकळून, वाळवून घ्या, कच्चं नको, ते प्रथिन पचू देत नाही. किडनीचा त्रास असेल तर हे करण्याआधी मला विचारा.

आणि मांड्यांना काम द्या. बाजेवरून हात न टेकता उठा, बसा. दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पंधरा दिवसांनी छातीशी पाच किलोची पिशवी धरून तेच करा. सत्तरीच्या माणसांतही अशा कामानं ताकद वाढते हे पक्कं सिद्ध झालंय. मात्र दम लागतो हे मी सोडून देणार नाही. आधी हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब आणि छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, करून घ्या. हे सगळं करायच्या आधी पोतं उचलू नका.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्याही गावात असे पोरं असतील. पोलीस भरतीची तयारी करणारे पोरं पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात. पुरुषांना १६५ सेंटीमीटर उंची लागते. १६३ वर अडकलेला वीस वर्षांचा पोरगा येतो आणि रडवेला होऊन म्हणतो, सर, उंचीचं इंजेक्शन द्या. हाडाच्या टोकाची कूर्चा मुलांत साधारण १६ ते १८ पर्यंत पक्कं हाड होऊन जाते, मुलींत त्याच्या दोनेक वर्षं आधी. एकदा ती बुजली की कितीही हार्मोन द्या, उंची एक सूतही वाढत नाही, फक्त जबडा आणि पंजे वाढतात. त्या पोराला नाही म्हणताना माझा जीव तुटतो. त्यातला एखादा तरी दहा वर्षांचा असताना कोणीतरी मोजायला हवा होता.

आता तुमचा नातू. वर्गात ठेंगणा म्हणजे आजारीच असं नाही. आई-बापच बुटके असतील तर पोरगा बुटका राहणार. काही पोरं उशिरा वाढतात, बापाला विचारलं तर तो म्हणतो, मीही दहावीनंतरच उंच झालो. पण सिकलसेल म्हणजे रक्ताचा आनुवंशिक आजार, थायरॉइडची कमतरता, गव्हानं आतडी बिघडणं, किडनीचा आजार, हे सगळं आधी 'उंची वाढत नाही' एवढ्यानंच दिसू शकतं. आपल्या विदर्भात तर सिकलसेल तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये. यातलं काही नसेल तर मग ग्रोथ हार्मोनची खरी कमतरता शोधायची.

नऊ वर्षांचा असाच एक पोरगा आणला होता, शेजाऱ्याच्या सांगण्यावरून. उंची १०९ सेंटीमीटर. गोल, बाहुलीसारखा चेहरा, पोटावर थोडी चरबी, आवाज बारीक. आजी म्हणाली, "पायाळू जन्मला, लवकर रडला नाही." डाव्या हाताच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर हाडं पाच वर्षांच्या मुलाची. उपाशीपोटी हार्मोन उसळवणारी गोळी देऊन दर अर्ध्या तासानं रक्त घेतलं, तर हार्मोन जेवढं उसळायला हवं त्याच्या जवळपासही नाही. त्याला रोज रात्री पेनसारख्या सुईनं हार्मोन सुरू केलं. हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं, गोठलं तर वाया जातं, आणि त्यांच्या घरी फ्रिज नव्हता. गावातल्या किराणा दुकानदारानं आपल्या फ्रिजच्या दारात, थंड पेयांच्या बाटल्यांशेजारी एक डबा त्याच्यासाठी राखून ठेवला. पोरगा रोज रात्री आठ वाजता दुकानात जाऊन पोटाला सुई टोचून घ्यायचा. पहिल्या वर्षात तो १० सेंटीमीटर वाढला. बापानं दाराच्या चौकटीवर गेरूनं रेघा ओढल्या होत्या, मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या मला दाखवल्या. उपचार महाग आहे, वर्षानुवर्षं चालतो आणि वजनाबरोबर डोस वाढतो, हे मी लपवत नाही. पण हे हार्मोन खरोखर ज्याच्यासाठी आहे तो हा पोरगा, आणि त्याची कूर्चा बुजायच्या आत पोचावं लागतं.

म्हणून आज हे करा. नातवाला सकाळी उठल्यावर अनवाणी भिंतीला उभं करा. टाचा, ढुंगण, पाठ, डोक्याचा मागचा भाग भिंतीला, नजर सरळ समोर. डोक्यावर पाटीपुस्तक आडवं दाबून धरा, पेन्सिलीनं खूण करा, टेपनं मोजा, तारीख लिहा. संध्याकाळी मोजू नका, दिवसभरात उंची सेंटीमीटरभर दबते. त्याच्या आई-बापाचीही उंची मोजा. दोघांची बेरीज करून त्यात १३ मिळवा आणि निम्मं करा, साधारण तेवढी उंची त्याच्या नशिबात असायला हवी. या वयात पोरगा वर्षाला निदान पाच सेंटीमीटर वाढायला हवा. गेल्या दिवाळीची पँट याही दिवाळीला घोट्यापर्यंत बरोबर येत असेल तर थांबू नका.

मी मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारपर्यंत बसतो. येताना त्याचं अंगणवाडीचं कार्ड, शाळेच्या आरोग्य तपासणीची नोंद, कुठे जुना वर्गाचा फोटो असेल तर तोही आणा, शेजारच्या पोरांच्या मानानं तो दरवर्षी कुठे होता ते फोटोत दिसतं. जन्माच्या वेळी काय झालं ते नीट आठवणाऱ्या आजीला सोबत घ्या. आणि तुमचं रक्त त्याच दिवशी उपाशीपोटी काढून घेऊ, म्हणजे दोन चकरा व्हायच्या नाहीत.